जमा युनिट

यंत्राची घरघर थांबली तेव्हा मी स्वयंपाकघरात बाबांसाठी ताक घुसळत होते. दोन वर्षं तो आवाज आमच्या घरात होता, आणि सवयीने तो ऐकू येईनासा झाला होता. थांबला तेव्हाच ऐकू आला. पाठोपाठ वीज गेल्याची ती लांबलचक शिटी वाजली. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि कॉलेजला सुट्टी लागली होती.

"लाईन गेली वाटते," बाबा बाजेवरून म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उलट थोडी उत्सुकताच होती. "बरं झालं. पाहू तरी आता वरचं कसं चालू होते ते."

वरचं म्हणजे छतावरचे सौर पॅनल. ते बसवून नवं मीटर लागल्याला अकरा दिवस झाले होते. नेमकी त्या अकरा दिवसांत लाईन एकदाही गेली नव्हती. एरवी आमच्या गावात ती आठवड्यातून दोनदा तरी जायची. एकदा जरी गेली असती, तरी पुढचं काही घडलं नसतं.

बाबांनी एकतीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली होती. तिथली रुईची धूळ त्यांच्या छातीत उतरली, ती कायमची. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं ते यंत्र, त्याची पारदर्शक नळी आणि नाकाशी बसणारी दोन टोकं, यांच्यावर त्यांचे दिवसाचे सोळा तास चालत. नळी काढली तर आंघोळ होईपर्यंत ते तग धरत. त्यापुढे धाप लागे.

"थांबा, बघून येते," म्हणून मी जिना चढले.

छतावर पाय टेकवत नव्हता. पॅनल उन्हात असे तळपत होते की त्यांच्याकडे पाहवेना. एवढ्या उन्हात त्यांच्यावर घरातलं यंत्र, पंखे, फ्रीज असं सारं सहज चाललं असतं. जिन्याच्या खोलीतल्या भिंतीवरच्या पेटीचा दिवा मात्र लाल होता. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिला हात लावला नाही. शंभरपर्यंत आकडे मोजले आणि खाली उतरले.

"काय झालं?"

"काहीतरी अडकलंय. तोवर सिलिंडर लावू."

जिन्याखाली आम्ही भरलेला एक सिलिंडर ठेवत असू. तिथे फरशीवर गंजाचं एक वर्तुळ होतं. सिलिंडर नव्हता.

"बाबा, सिलिंडर कुठे आहे?"

"दौलतले देऊन टाकला."

"कधी?"

"परवा. तू पेपर तपासायले गेली होती तवा. पार्बता आली होती. दौलतले झोपता येत नाही म्हणे, रात्रभर बसून राह्यते. आपल्याकडं पडूनच होता ना माय? आता आपल्याले त्याचं काय काम?" एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. "आपल्या घरी सूर्य जमा हाये."

दौलत मेश्राम बाबांबरोबर त्याच जिनिंगमध्ये होते, आणि पार्बता त्यांची बायको. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांची छाती बाबांपेक्षा वाईट होती आणि त्यांच्या घरी यंत्र नव्हतं.

मी बाबांच्या बोटाला मापक लावला. रक्तातला ऑक्सिजन एक्याण्णव होता. यंत्रावर तो चौऱ्याण्णवच्या आसपास असायचा.

त्यानंतरचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. समोरच्या घरातले रशीदभाई, जे मालवाहू ऑटोतून गावोगाव भाजी विकत, ते धावत आले आणि यंत्र उचलून शेजारच्या बोबडे गुरुजींकडे घेऊन गेले. गावात घरगुती इन्व्हर्टर असलेली ती एकच जागा जवळ होती. मग आम्ही दोघांनी बाबांना खुर्चीसकट नेलं. गुरुजींच्या जुन्या बॅटरीवर यंत्र अकरा मिनिटं चाललं आणि शिटी वाजवून गप्प झालं. अँब्युलन्सला फोन केला, तर ती पलीकडच्या अपघातावर गेली होती, यायला दीड-दोन तास म्हणाले. लाईनमनला फोन केला.

"डीपीच जळाली मॅडम, गावचा ट्रान्सफॉर्मर. दुसरी जिल्ह्यावरून येईल. पाच-सहा वाजल्याशिवाय काही सांगता येत नाही."

"माझे वडील ऑक्सिजनवर आहेत."

"मी खांबावरच हाओ मॅडम. हाताले फोड आले. पण जळाली ती जळाली."

मापक शहाऐंशी दाखवत होता. बाबांचे ओठ शाईचं बोट लागल्यासारखे दिसू लागले होते. तरी ते माझ्याकडे न पाहता गुरुजींच्या ओसरीवरून आमच्या छताकडेच पाहत होते, आणि अधूनमधून विचारत होते, "झालं का चालू?"

"रशीदभाई, गाडी काढा," मी म्हणाले. "आधी मेश्रामकाकांकडे. सिलिंडर घेऊ, मग बाबांना घेऊन तालुक्याला."

तालुक्याचं रुग्णालय सव्वीस किलोमीटरवर होतं.

दौलतकाकांच्या घराचं दार उघडंच होतं. आत काका भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. आमचा सिलिंडर त्यांच्या उशाशी होता आणि नळी नाकाला. पार्बताबाई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बाबांचा श्वास अडतोय, लाईन गेली आहे, एवढं सांगितलं असेन. पार्बताबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. काही विचारलं नाही. नवऱ्याच्या कानांमागून त्यांनी नळी हळूच सोडवली, जशी एखाद्या लेकराची टोपी काढावी.

"ने बाई. तुमचीच वस्तू हाये."

"काकू..."

"गुणवंतानं मागतला काय?" काकांनी विचारलं. "मंग... ने. तो म्हणलाच होता, लागला तर... मागीन."

बाबांनी काही मागितलं नव्हतं. मी ते सांगितलं नाही. मी चावी फिरवून सिलिंडर बंद केला, तो खांद्यावर घेतला आणि उंबरा ओलांडला. हे मी आजवर कोणाला या शब्दांत सांगितलेलं नाही. पाठीमागे काकांच्या छातीतून सुका कडबा चुरगाळल्यासारखा आवाज येत होता. तो ऐकत मी अंगण पार केलं आणि गाडीत सिलिंडर ठेवला.

रशीदभाईंनी इंजिन सुरू ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"अन् मेश्रामकाका?"

मी सिलिंडर आणखी आत सरकवला.

"मॅडम, गाडीत दोघं माणसं मावतात. मी तर चाळीस कॅरेट टमाटे आणतो."

"रशीदभाई, वेळ नाहीये."

त्यांनी इंजिन बंद केलं. "मंग लवकर उचलू."

मी परत आत गेले. पार्बताबाई नवऱ्याची पाठ चोळत होत्या. मला पाहून त्यांना वाटलं की मी काहीतरी विसरले.

"उठा," मी म्हणाले. "सगळेच जाऊ."

परतताना गुरुजींकडून बाबांना उचललं. आता गाडीत मागे आम्ही चौघं होतो. ताडपत्रीच्या सावलीत, गादीवर, एकमेकांना टेकून बसलेले दोघे म्हातारे, पार्बताबाई आणि मी. सिलिंडर मी दोन्ही पायांत धरला होता. त्याचा काटा तांबड्या पट्ट्याला लागला होता. दोन दिवस काकांनी तो पुरवून पुरवून, थोडाथोडा वापरला होता. मी मनात हिशेब केला. एका माणसाला तो कसाबसा तासभर पुरला असता. त्याला नळीही एकच जोडता येत होती.

"दहा-दहा मिनिटं घ्यायची," मी सांगितलं.

"पाळ्या लावल्या काय?" काकांनी विचारलं. बाबांच्या नाकाला नळी होती. काकांचे डोळे अर्धे मिटले होते, पण मिशीखाली काहीतरी हललं. "पहिली पाळी... गुणवंताची. हा नेहमीच... पहिल्या पाळीत... घुसत होता."

"बोलू नका जी," पार्बताबाई म्हणाल्या.

"काहून? सोलरवाल्याच्या... नळीवर बसलो. थोडं... मिरवू दे." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "गुणवंता, तुह्या घरी सूर्य... अन् तू माह्या नळीवर?"

बाबा हसले नाहीत. नळीमुळे त्यांचा श्वास थोडा बसला होता, आणि त्यांनी घरून निघाल्यापासून प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"कुंदे, ते बंद काहून पडलं?"

"बाबा, नंतर बोलू."

"तू म्हणली होती, जमा होते. दिवसा जास्तीची वीज जमा होते अन् रात्री वापस मिळते. म्हणली होती का नाही?"

"म्हणाले होते."

"मंग जमा झालेली कुठं गेली?"

दहा मिनिटं झाली होती. मी नळी काढून काकांना लावली. त्यात जेवढा वेळ गेला, तेवढाच वेळ मला मिळाला.

"ती घरात जमा होत नाही, बाबा. कंपनीकडे होते, कागदावर. आपण जास्तीची वीज तारेत सोडतो. तिचे युनिट आपल्या नावावर जमा धरतात आणि बिलातून वजा करतात. घरात साठवायची तर बॅटरी लागते. ती आपण घेतलेली नाही. आणि बॅटरी नसली की लाईन गेल्याबरोबर पॅनल आपोआप बंद पडतात. नाहीतर त्यांची वीज तारेत शिरून खांबावरचा माणूस मरेल. मग ऊन कितीही असो."

गाडी खड्ड्यातून गेली. बाबांनी सिलिंडरला हात दिला.

"हे तुले आज समजलं?"

पार्बताबाईंचा पुठ्ठा थांबला. मला 'हो' म्हणता आलं असतं. निकेश भोयर, ज्याने पॅनल बसवले, त्याच्यावर ढकलता आलं असतं. तो तिथे नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "आधीपासून माहीत होतं."

निकेशने सगळं नीट सांगितलं होतं. फेब्रुवारीत आमच्या ओसरीवर त्याने दोन कागद ठेवले होते. "स्पष्ट सांगतो मॅडम. हा ऑन-ग्रिड. बॅटरी नाही. बिल जवळपास शून्य, पण लाईन गेली की हेही गेलं. हा दुसरा हायब्रिड. लाईन गेली तरी चालेल. पण तुमच्या पैशात बॅटरी घेतली तर पॅनल निम्मेच बसतील, आणि बिल येतच राहील. सर आजारी आहेत म्हणता, तर मी म्हणीन बॅटरी घ्या. पण शेवटी निर्णय तुमचा."

मी पंधरा दिवस घेतले. मी पदार्थविज्ञान शिकवते. कोणत्या तारेतून काय वाहतं, हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. पण निकेशला जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं. बाबा यंत्र बंद करत होते. मी कॉलेजला गेले की उठून बटण दाबायचे, धाप असह्य झाली तरच थोडा वेळ लावायचे, आणि माझी परत यायची वेळ झाली की पुन्हा चालू करायचे. शंभर युनिटांपुढे दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी, हे त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला वाचून पाठ केलं होतं. महिन्याच्या शेवटी ते मीटरसमोर स्टूल टाकून बसत. तीनशेच्या जवळ आकडा आला की श्वास घेणं त्यांना उधळपट्टी वाटे. मी ओरडले, रडले, डॉक्टरांकडून सांगवलं. ते म्हणायचे, "हाव, ठेवतो चालू," आणि दुसऱ्या दिवशी मी आले की यंत्राची पाठ थंड लागायची.

म्हणून मी बिल शून्य करणारा कागद निवडला. लाईन गेलीच तर जिन्याखाली सिलिंडर होता. वर्षभरात पैसे साठले की बॅटरी घ्यायची, असं मनाशी ठरवलं. मीटर बसलं त्या दिवशी बाबांनी विचारलं, "जास्तीची वीज वाया जाते काय?" मी म्हणाले, "नाही बाबा, जमा होते." त्यांचा चेहरा असा काही उजळला, की हे जमा कुठे होतं ते मी सांगितलं नाही. ते काय समजले आहेत, हे मला दिसत होतं. वर्गात एखाद्या मुलाने विद्युतदाबाच्या जागी विद्युतप्रवाह म्हटलं, तरी मी तास थांबवत असे. त्या दिवशी मी काही दुरुस्त केलं नाही. त्या रात्रीपासून बाबांनी यंत्र बंद केलं नाही. अकरा दिवस ते पोटभर श्वास घेत होते. आणि ज्याच्याकडे सूर्य जमा आहे, त्याने जसं वागावं तसं ते वागले. मित्राला सिलिंडर देऊन टाकला.

हे सगळं मी गाडीत सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही यंत्र बंद करत होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

बाबांच्या बोटावरचा मापक ब्याऐंशी दाखवत होता. काकांची दहा मिनिटं अजून व्हायची होती. पण त्यांनी स्वतःच नाकातून नळी ओढून काढली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

"घे. माही झाली."

"नाही झाली काका, चार मिनिटं राहिलीत," मी म्हणाले.

"मास्तरीण हायेस... मोजत बस." मग श्वास गोळा करत ते म्हणाले, "पोट्ट्याइले शिकवते... अन् बापाले..." वाक्य पुरं झालं नाही. ते दम लागल्यामुळे राहिलं की त्यांनी सोडलं, हे मला कळलं नाही. पार्बताबाईंनी नळी उचलून पुन्हा त्यांना लावू पाहिली. त्यांनी मान फिरवली. बाबांनी लावून घेतली नाही. थोडा वेळ ती नळी कोणाच्याच नाकाला नव्हती आणि तिच्यातून ऑक्सिजन ताडपत्रीखालच्या गरम हवेत जात होता. मी किंचाळले. तेव्हा कुठे बाबांनी ती घेतली.

रुग्णालयाच्या फाटकापाशी काटा शून्यावर आला होता.

दोघांनाही दाखल करून घेतलं. बाबांना सामान्य विभागात, काकांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात. तिसऱ्या दिवशी पहाटे काका गेले. पार्बताबाईंनी मला व्हरांड्यात सांगितलं. मी त्यांचे हात धरले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत, पण धरलेही नाहीत.

"त्या दिवशी तू सिलिंडर घेऊन अंगणात गेली होती ना," त्या म्हणाल्या. "तवा मी ह्यांना म्हणलं, जाऊ द्या, लेक हाये, बापासाठी नेईलच. ते म्हणले, येते का नाही पाह्य वापस."

एवढं बोलून त्या निघाल्या. त्यांचा जावई गाडी घेऊन आला होता.

मी बाबांच्या खाटेपाशी आले तेव्हा परिचारिका सलाईन बदलत होती. तिने मला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं की पेशंटला इतक्यात सांगू नका, धक्का बसेल. बाबांचा मास्क वाफेने धूसर झाला होता. गाडीतल्या त्या संवादानंतर ते माझ्याशी जेवण-पाण्यापलीकडे बोलले नव्हते. काही हवं असलं तर ते परिचारिकेला विचारत, औषध कोणतं, ताप किती, आणि माझ्याकडे पाहत नसत.

"सिस्टर, आमचा दौलत वर हाये. मेश्राम. कसा हाये तो?"

"बरे आहेत काका. तुम्ही आराम करा."

बाबांनी मान हलवली. ती गेली. मग त्यांनी मास्क हाताने थोडा वर उचलला.

"आता तू सांग."

मी उभीच होते. बाहेर कोणीतरी चाकाची खाट ढकलत नेत होतं.

"गेले, बाबा. पहाटे चार वाजता."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांच्या छातीची हालचाल एवढीच मला दिसत होती. मापकाचा आकडा खाली घसरला, आणि सिस्टरला हाक मारावी की नाही या विचारात मी असतानाच तो पुन्हा सावकाश चढू लागला. मास्कच्या कडेने पाणी ओघळून उशीवर पडलं. मी ते पुसायला हात पुढे केला नाही.

"घरी गेल्यावर," ते म्हणाले, "लाईन गेली तर?"

"यंत्र बंद पडेल."

"अन् सिलिंडर?"

"एक भरून ठेवीन. तो चार-पाच तास पुरेल. लाईन त्याहून जास्त वेळ गेली, तर संपेल."

"अन् मंग?"

वर्गात कोणी असा प्रश्न विचारला असता तर माझ्याकडे काहीतरी उत्तर असतं.

"मग काय करायचं, ते मला माहीत नाही बाबा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मास्क खाली घेतला, नाकावर नीट बसवला, पाय आखडून घेतले आणि खाटेच्या कडेला मला बसायला जागा केली.